ऑटो, बंद, मॅन्युअल

पंपरूममधल्या पॅनेलवर एक फिरता खटका असतो. त्याला तीन खुणा: ऑटो, बंद, मॅन्युअल. खटका ऑटोवर असला, तर वरच्या कुठल्याही मजल्यावर हायड्रंटचा व्हॉल्व्ह उघडताच पाइपातला दाब उतरतो आणि पंप आपोआप सुरू होतो. बंदवर असला, तर इमारतभर लाल पाइप कितीही फिरवलेले असोत, नळीतून थोडं साठलेलं पाणी येईल आणि मग नुसती हवा. मुंबईच्या पश्चिम उपनगरातल्या त्या तेरा मजली ऑफिसच्या इमारतीत खटका बंदवर होता. शेजारच्या भिंतीवर लॅमिनेट केलेला कागद होता: ‘पंप ऑटोवरच ठेवावा. आदेशावरून.’

इमारतीत सगळे ज्यांना ‘फायरवाल्या मॅडम’ म्हणतात, त्यांना याचं नवल वाटलं नाही. वापरातल्या, जुन्या इमारतींची अग्निसुरक्षा तपासणं हे त्यांचं रोजचं काम. नाव छापू नका, एवढीच त्यांची अट. ज्यांच्या उणिवा काढायच्या, त्यांच्याच दारात पुन्हा जायचं असतं. असा खटका दिसला, की बहुतेक तपासनीस विचारतात, ‘हा बंद कोणी केला?’ मॅडम विचारतात, ‘हा चालू ठेवला तर काय होतं?’ पहिल्या प्रश्नाला कोणी उत्तर देत नाही. दुसरा विचारल्यावर पंपरूमचे मामा भडाभडा बोलू लागले.

“होतं काय मॅडम, कुठंतरी लाइन लीक आहे. त्यामुळे जॉकी रात्रभर सुटतो नि बंद होतो, सुटतो नि बंद होतो. त्याला प्रेशर धरवलं नाही, की मोठा पंप सुटतो. तो काय आपला आपण थांबत नाही. मग मी गेटवरून उठायचं, खाली उतरायचं, बंद करायचा, परत वर. एका रात्रीत किती खेपा घालायच्या?”

मामांचं म्हणणं खोटं नव्हतं. जॉकी म्हणजे पाइपातला दाब कायम राखणारा छोटा पंप; बारीकसारीक गळती तो भरून काढतो. दाब फारच उतरला, तर मुख्य पंप सुरू होतो. हा मुख्य पंप सुरू आपोआप व्हावा, बंद मात्र माणसाने करावा, असाच नियम आहे. आग धुमसत असताना क्षणभर दाब चढला म्हणून पंप थांबला, तर वर नळी धरून उभा असलेला जवान उघडा पडेल. नियम शहाणपणाचा आहे. पण तो पाळण्याचं ओझं साठीला टेकलेल्या एका माणसाच्या गुडघ्यांवर पडत होतं.

‘पंप बंद स्थितीत आढळला, ऑटोवर ठेवावा’ असं एक वाक्य अहवालात लिहून पुढे सरकता आलं असतं. ते वाक्य भिंतीवर आधीच लॅमिनेट होऊन लागलं होतं. मॅडमनी आवारातल्या जमिनीखालच्या लाइनचे व्हॉल्व्ह एकेक करून बंद करायला लावले आणि प्रत्येक वेळी गेजकडे पाहत उभ्या राहिल्या. पहिले तीन बंद केले तरी काटा सावकाश उतरत राहिला. चौथा बंद झाला आणि काटा थबकला. म्हणजे गळती त्याच्या पलीकडे, मागच्या पार्किंगखाली. तिथे पेव्हर ब्लॉक बसवलेले होते आणि एका कोपऱ्यातले ब्लॉक भर मे महिन्यातही ओलसर होते. इतके दिवस सगळ्यांना वाटत होतं, तिथे ड्रायव्हर गाड्या धुतात. शिफारस गेली ती तो पाइप उकरून बदलण्याची, आणि पंप सुरू झाल्याची घंटा गेटवरच्या चौकीत नेण्याची.

या कामात बरीच वर्षं काढल्यावर मॅडमचं एक मत पक्कं झालं आहे. आगीची यंत्रणा सहसा कोणी वाईट हेतूने बंद पाडत नाही. प्रत्येक बंद व्हॉल्व्हमागे, अडवून ठेवलेल्या प्रत्येक दारामागे कोणाचा तरी रास्त त्रास असतो. तो शोधून दूर केला नाही, तर तपासनिसाची पाठ वळताच खटका पुन्हा बंदवर येतो. तपासणी म्हणजे उपकरणांची मोजदाद, असं धरून चालणाऱ्यांशी त्यांचं म्हणूनच जमत नाही.

मॅडम मूळच्या विदर्भातल्या. शिक्षण नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात. ही संस्था १९५६ मध्ये उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झाली आणि पुढच्याच वर्षी नागपुरात आली. मुंबईत आल्यावर आधी त्यांनी नव्या इमारतींत यंत्रणा बसवण्याचं काम केलं. नव्या इमारतीत सगळं चकचकीत असतं, पंप पहिल्या फटक्यात सुरू होतो, भोगवटा प्रमाणपत्र मिळतं आणि सगळे पेढे खातात. दहा-पंधरा वर्षांनी त्याच यंत्रणेचं काय होतं, हे पाहण्याची ओढ त्यांना जुन्या इमारतींकडे घेऊन आली.

कायदा तसा कडक आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ हा डिसेंबर २००८ पासून अमलात आहे. त्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत ठेवण्याची जबाबदारी मालकाची किंवा भोगवटादाराची. आणि ती तशी असल्याचं परवानाधारक एजन्सीचं प्रमाणपत्र, म्हणजे ‘फॉर्म बी’, वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, द्यायचं असतं. या इमारतीच्या फायलीत सगळे फॉर्म बी तारखेवार, गोल शिक्क्यांनिशी लावलेले होते. मग मॅडमना बोलावलं कशाला? तर सहाव्या मजल्यावर जागा भाड्याने घेऊ पाहणाऱ्या एका परदेशी कंपनीने करार करण्याआधी स्वतंत्र तपासणी मागितली म्हणून. सोसायटीला भाडेकरू हवा होता. निमित्त काही का असेना, मॅडमना सगळ्या मजल्यांच्या किल्ल्या मिळाल्या.

किल्ल्या हातात आल्या तरी त्या लिफ्टने वर जात नाहीत. तळमजल्यापासून गच्चीपर्यंत जिन्याने चढतात, सोबतच्या सोसायटी मॅनेजरचा श्वास लागेपर्यंत. इमारतीचा खरा स्वभाव जिन्यात कळतो, लॉबीत नाही. लॉबीत इटालियन मार्बल होता. जिन्यात पहिल्या मजल्यावर पाण्याचे रिकामे जार, तिसऱ्यावर मोडक्या खुर्च्या, पाचव्यावर दिवाळीतल्या भेटवस्तूंचे उरलेले खोके. खोक्यांना कंपनीच्या एचआर विभागाची चिठ्ठी: ‘हलवू नये.’

चौथ्या मजल्यावर जिन्याचं आगरोधक दार सताड उघडं होतं आणि ते बंद होऊ नये म्हणून त्याला सिलिंडर टेकवलेला होता. सिलिंडर म्हणजे आग विझवायचा. मॅनेजर ओशाळले, सिलिंडर उचलायला वाकले. मॅडम म्हणाल्या, “राहू द्या, जरा इथेच थांबू.” थोड्याच वेळात चहावाला पोरगा वर आला. एका हातात किटली, दुसऱ्यात ग्लासांचं जाळं. दार बंद असतं तर ते त्याने कशाने ढकललं असतं? त्याच्या मागून कुरिअरवाला, मग झेरॉक्सचे गठ्ठे घेतलेला शिपाई. एकाच कंपनीची दोन ऑफिसं, एक या मजल्यावर आणि एक खाली, आणि दिवसभर जा-ये याच जिन्याने.

हे दार का महत्त्वाचं, ते सांगायला मॅडम बंगळुरूचं उदाहरण देतात. २३ फेब्रुवारी २०१० रोजी तिथल्या कार्लटन टॉवर्स या ऑफिसच्या इमारतीत इलेक्ट्रिकल डक्टमधल्या केबलने पेट घेतला. ज्वाळा म्हणाव्यात तर फार नव्हत्या. धूर मात्र डक्टमधून मजल्यामजल्यावर पसरला, जिन्यात भरला, आणि ज्या वाटेने खाली उतरायचं तीच वाट बंद झाली. नऊ जण गेले. काहींनी खिडक्यांतून उड्या टाकल्या होत्या. मुलगा गमावलेल्या एका वडिलांनी आणि इतर नातेवाइकांनी मिळून पुढे ‘बियॉन्ड कार्लटन’ ही अग्निसुरक्षेची चळवळ उभी केली. आगीत माणसं बहुतेक वेळा धुरानेच मरतात. बंद दार धुराला अडवतं. उघडं दार जिन्याचं धुराडं करून टाकतं.

पण हे सगळं त्या चहावाल्याला ऐकवून काय होणार? मॅडमच्या अहवालात चौथ्या मजल्यासाठी लिहिलेला उपाय होता विद्युतचुंबकाचा. दार एरवी भिंतीवरच्या चुंबकाला चिकटून उघडं राहतं. अलार्म वाजला किंवा वीज गेली, की चुंबक सुटतो आणि दार आपोआप लागतं. चहा अडत नाही, धूर अडतो. सोसायटीच्या सचिवांनी किंमत विचारली आणि वहीत लिहून घेतली. चेहऱ्यावरून काही कळलं नाही.

इलेक्ट्रिकल शाफ्टची दारं उघडताना मॅडम आवर्जून वाकून मजल्याच्या फरशीकडे पाहतात. केबल एका मजल्यावरून दुसऱ्यावर जिथून जातात ती भोकं आगरोधक मसाल्याने बुजवलेली असायला हवीत. इथे ती एके काळी बुजवलेली होती. मग इंटरनेटवाले आले. एका कंपनीने भोक पाडून फायबर नेली, दुसरीने शेजारी दुसरं पाडलं, तिसरीने जुन्याच भोकाला मोठं केलं. सातव्या मजल्यावर उभं राहून खाली टॉर्च मारला, तर पाचव्या मजल्यावरचा झाडू दिसत होता. सफाई कामगारांना सामान ठेवायला इमारतीत कुठेच जागा दिलेली नव्हती. शाफ्टला दार आणि कडी होती, म्हणून त्यांनी तो धरला. फिनेल, पोछे, कपडे बदलायच्या पिशव्या, एक थिनरचा डबा. खाली मीटररूममध्ये तर छोटा देव्हारा होता, समोर उदबत्ती. दर गुरुवारी तेलाचा दिवाही लागतो, असं कळलं. देव्हारा हलवायचा कसा, यावर मॅनेजर गप्प झाले. मॅडमनी वॉचमनलाच विचारलं. तो म्हणाला, “गेटजवळ चौकीत नेला तर चांगलंच होईल की. इथं खाली देवाला कोण बघतंय?” अडचण जेवढी वाटली होती तेवढी नव्हती. कोणी त्याला विचारलंच नव्हतं.

गच्चीच्या दाराला कुलूप होतं. किल्ली मॅनेजरकडे, आणि मॅनेजर रविवारी सुटीवर. कुलपाचं कारणही होतं: वर मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या, त्या एकदा चोरीला गेलेल्या. मॅडमनी इथे दोन आगींच्या तारखा सांगितल्या. २३ मार्च २०१० ला कोलकात्याच्या पार्क स्ट्रीटवरच्या स्टीफन कोर्टमध्ये आग लागली तेव्हा गच्चीकडे धावलेल्यांना दार बंद मिळालं. त्या आगीत ४३ जणांचे प्राण गेले. २२ जुलै २०१९ ला वांद्र्याच्या एमटीएनएलच्या इमारतीत आग लागली, कर्मचारी गच्चीवर पोचले आणि अग्निशमन दलाने शिड्या लावून ८४ जणांना सुखरूप खाली आणलं. आतून आडवा दांडा ढकलताच उघडणारं दार, आणि ते उघडलं की चौकीत वाजणारा भोंगा, एवढ्यात चोराचाही बंदोबस्त होतो आणि माणसांचीही सोय होते. चोरी झाली बॅटऱ्यांची. कुलूप बसलं ते अडीचशे माणसांना.

गच्चीवरच्या हायड्रंटला नळी लावून पंप सुरू केला. सगळ्यांत उंचावरच्या तोटीला पाणी निदान साडेतीन किलोच्या दाबाने यायला हवं. तंत्रज्ञ ‘साडेतीन किलो प्रेशर’ असंच म्हणतात. विजेवरच्या पंपाने ते दिलं. मग मॅडमनी त्याची वीज तोडायला सांगितली, कारण आगीत वीज पहिल्यांदा जाते. आता डिझेल पंपाने सुरू व्हायला हवं होतं. तो खोकलाही नाही. बॅटरीच नव्हती. मागच्या पावसाळ्यात जनरेटरची बॅटरी बसली, तेव्हा कोणीतरी घाईत इथली काढून तिथे लावली आणि परत आणायची राहून गेली. तरीही त्यानंतरच्या जानेवारीच्या फॉर्म बीमध्ये डिझेल पंपापुढे ‘कार्यरत’ असं टाइप केलेलं होतं. हे असं कागदावर चालणारं पंपांचं आयुष्य मॅडमना नवं नाही. पण अशा वेळी त्यांचा आवाज चढतो. मामांच्या खटक्यामागे निदान गुडघा होता. न पाहता ‘कार्यरत’ लिहिणाऱ्याची बाजू घ्यायला त्यांना काही सापडत नाही.

होज बॉक्सचीही एक गंमत. प्रत्येक मजल्यावर लाल पेटी, आत व्यवस्थित गुंडाळलेली नळी, पण पुढचं नोझल गायब. गनमेटलची नोझल भंगारात किलोवर जातात, हे इमारतीत येणाऱ्या प्रत्येक कंत्राटी मजुराला ठाऊक. दोन-तीन गेल्यावर मॅनेजरनी उरलेली सगळी काढून आपल्या लोखंडी कपाटात ठेवली. ‘मॅडम, एकही हरवलेलं नाही,’ असं सांगताना त्यांना अभिमान वाटत होता. कपाट पहिल्या मजल्यावर. अकराव्या मजल्यावर आग लागली, तर नोझल आणायला कोणी खाली जायचं, हे त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं, कारण त्यांच्याकडून हिशेब मागितला जाई तो चोरीचा.

नवव्या मजल्यावर वकिलांची फर्म. आत शिरताच सागवानी पॅनेलिंग, छतात लपवलेले दिवे आणि तितक्याच नीटपणे लावलेले स्प्रिंकलर. स्प्रिंकलरच्या तोंडाशी काचेची बारीक कुपी असते, आत रंगीत द्रव. लाल द्रवाची कुपी साधारण ६८ अंश सेल्सिअसला फुटते आणि तेवढ्याच एका तोंडातून पाणी सुटतं. सिनेमात एक काडी ओढली, की अख्ख्या मजल्यावर पाऊस पडतो; प्रत्यक्षात तसं होत नाही. ऑफिसातल्या बहुतेक आगी दोन-चार तोंडांतच आटोपतात. वरिष्ठ वकीलसाहेबांना मात्र भीती होती ती त्याच सिनेमातल्या पावसाची: “आमच्या फायली भिजल्या तर अशिलांना काय सांगू?”

मॅडमनी शाफ्टमधला त्या मजल्याचा स्प्रिंकलर व्हॉल्व्ह पाहिला. चाक पूर्ण आवळलेलं. गेजचा काटा शून्यावर. इंटिरिअरचं काम चालू असताना सुताराने लाइन रिकामी करून मागितली होती, प्लंबरने व्हॉल्व्ह बंद केला होता, काम संपलं, सुतार गेला, प्लंबर गेला. छतातल्या त्या सगळ्या चकचकीत तोंडांमागे थेंब पाणी नव्हतं. वकीलसाहेबांच्या फायली स्प्रिंकलरपासून पूर्ण सुरक्षित होत्या.

लॉस एंजेलिसच्या फर्स्ट इंटरस्टेट बँकेच्या ६२ मजली इमारतीत ४ मे १९८८ च्या रात्री बाराव्या मजल्यावर आग लागली, तेव्हा इमारतीत स्प्रिंकलर बसवण्याचं काम जवळजवळ पुरं झालं होतं. पाणी सोडायचं तेवढं राहिलं होतं. पाण्याच्या प्रवाहाचा अलार्म जोडला जाईपर्यंत व्हॉल्व्ह बंद ठेवले होते. आग सोळाव्या मजल्यापर्यंत चढली. काय झालंय ते पाहायला लिफ्टने वर गेलेला देखभाल विभागाचा एक कर्मचारी त्यात गेला. मॅडम हे सांगतात तेव्हा त्यांचा रोख व्हॉल्व्हवर जितका असतो, तितकाच ‘पाहायला वर गेला’ या भागावरही असतो. फिलाडेल्फियाच्या ३८ मजली वन मेरिडियन प्लाझातही, २३ फेब्रुवारी १९९१ च्या रात्री, अलार्म वाजल्यावर कर्मचारी आधी लिफ्टने वर पाहायला गेला; अग्निशमन दलाला इमारतीतून लगेच फोन गेला नाही. पुढे जवानांनी नळ्या लावल्या, तर दाब कमी करणारे व्हॉल्व्ह चुकीचे लावलेले असल्याने पाणी पुरेशा जोराने येईना. तीन जवान गेले. बाविसाव्या मजल्यावरून निघालेली ती आग अखेर तिसाव्या मजल्यावर थांबली, कारण तिथल्या भाडेकरूने स्प्रिंकलर बसवून घेतले होते. दहा तोंडं उघडली आणि आठ मजले खाऊन आलेली आग तिथे अडली.

वकीलसाहेबांनी हे शांतपणे ऐकलं. मग त्यांनी विचारलेला प्रश्न वकिलीच होता: “व्हॉल्व्ह सोसायटीच्या शाफ्टमध्ये आहे. म्हणजे जबाबदारी सोसायटीची ना?”

तळमजल्यावरच्या सुरक्षा चौकीत अलार्मचं पॅनेल. त्याच्या बझरवर चिकटपट्टीचे तीन थर. कारण पाचव्या मजल्यावरची पँट्री. रोज दुपारी तिथे फोडणी पडते, धुराचा डिटेक्टर ओरडतो, पाचव्या मजल्यावरचे लोक पाच मिनिटं जिन्यात येऊन उभे राहतात आणि परत जेवायला जातात. पुढे पँट्रीवाल्याने डिटेक्टरला रबरी हातमोजा घातला. तोही पुरला नाही, तेव्हा रखवालदाराने बझरचं तोंड बंद केलं. आता पॅनेलवर खरंच काही पेटलं, तरी एक बारीक लाल दिवा लुकलुकेल आणि त्याच्याकडे पाठ करून बसलेला रखवालदार गेटपास लिहीत राहील. उपाय अगदी साधा आणि स्वस्त आहे. स्वयंपाक होतो तिथे धुराचा नको, उष्णतेचा डिटेक्टर लावायचा. फोडणीला तो भीत नाही. इतकी वर्षं ही गोष्ट कोणी बदलली नव्हती, कारण देखभालीच्या करारात ‘डिटेक्टर तपासणे’ होतं, ‘डिटेक्टर बदलणे’ नव्हतं.

सिलिंडरची तपासणी हा सगळ्यांत सोपा भाग. गेज हिरव्यात आहे का, पिन आहे का, तारीख काय, बस. रखवालदारांपैकी एकानेही आयुष्यात पिन ओढून पाहिली नव्हती, हे मॅडमना जास्त टोचलं. मुदत संपलेले सिलिंडर तसेही रिकामे करूनच भरायला जातात. मग ते मागच्या आवारात, पत्र्याच्या ट्रेमध्ये थोडं डिझेल पेटवून, ऑफिसातल्या माणसांकडूनच का रिकामे करू नयेत? अकाउंट्सच्या एका ताईंनी नळी ज्वाळेच्या शेंड्यावर धरली, तर पावडर उडून गेली. “ताई, बुडाशी धरा, आणि झाडू मारल्यासारखी फिरवा,” मॅडम ओरडल्या. आग विझली. त्या ताई मग दिवसभर पदराला लागलेली पांढरी पावडर मिरवत होत्या.

अहवालावरची बैठक सोसायटीच्या कार्यालयात झाली. अध्यक्ष, सचिव, आणि गाळेमालक ज्यांना वेळ होता तेवढे. सुरुवातीलाच ठरलेला प्रश्न आला: “इमारत बांधली तेव्हा हे नियम होते कुठे?” तो अगदीच टाकाऊ नाही. ऐंशीच्या दशकातल्या इमारतीत २०१६ च्या राष्ट्रीय इमारत संहितेतलं सगळं बसवता येत नाही. दुसरा जिना आता कुठून काढणार? पण मॅडमच्या यादीतल्या बहुतेक गोष्टी इमारत बांधतानाच होत्या. मागाहून झाकल्या गेल्या, अडवल्या गेल्या किंवा बंद झाल्या. आणि काही गोष्टी नव्या काळाने आणल्या. मूळच्या मोकळ्या मजल्यावर केबिनी पडल्यामुळे कोपऱ्यातल्या खुर्चीपासून जिन्याच्या दारापर्यंतची वाट लांबली. संहितेत ऑफिससाठी ही चालायची वाट सर्वसाधारणपणे ३० मीटरच्या आत धरली आहे. मॅडम मोजचाक घेऊन केबिनींना वळसे घालत प्रत्यक्ष चालतात, नकाशावर सरळ रेघ मारत नाहीत. दहाव्या मजल्यावर एक दार आडवं काढलं, तर ती मर्यादेत येत होती. शिवाय इमारतीला नवं रूप द्यायला जुन्या खिडक्यांवरून काच चढवलेली. १८ जुलै २०१४ ला अंधेरीच्या लोटस बिझनेस पार्कला लागलेली आग सभेतल्या काहींनी स्वतःच्या ऑफिसातून पाहिली होती. काचेने मढवलेल्या त्या इमारतीच्या आगीत अग्निशमन दलाचा एक जवान गेला. इथल्या काचेतले उघडणारे भाग कुठले, याची खूणच कोणी केलेली नव्हती.

कोणीतरी म्हणालं, एवढं काही होत नाही हो. मॅडमनी मंत्रालयाचं नाव घेतलं. २१ जून २०१२, भर दुपार, चौथा मजला, पाच मृत्यू. राज्याचा कारभार चालतो ती इमारत. खोलीत थोडा वेळ शांतता झाली आणि मग पैशांचं भांडण सुरू झालं. तळमजल्यावरचे दुकानदार म्हणाले, आम्ही जिना वापरत नाही. वरचे म्हणाले, पार्किंगखालची लाइन आमची कशी? चौरस फुटावर वाटणी की गाळ्यागणिक, यावर चहाचे दोन राउंड झाले. अध्यक्षांनी शेवटी विचारलं, “मॅडम, थोडक्यात सांगा, आपली इमारत पास की नापास?”

मॅडमनी तीन रकाने पुढे केले. पैसे न लागणारी कामं पहिल्यात: व्हॉल्व्ह उघडा, नोझल पेट्यांत परत ठेवा, जिना रिकामा करा, देव्हारा हलवा, बॅटरी परत लावा, आणि अध्यक्षांची गाडी अग्निशमन दलाच्या पाणी जोडायच्या तोंडासमोरून काढा. अध्यक्ष हसले. गाडी त्याच संध्याकाळी हलली, हे इथे नोंदवायला हवं.

पैसे लागणाऱ्या कामांचा दुसरा रकाना काही महिन्यांत बऱ्यापैकी पुरा झाला. पाइप बदलला, पंप ऑटोवर आला, मामांच्या चौकीत घंटा लागली. नोझलच्या पेट्यांना क्रमांकाचं प्लास्टिक सील आलं. पाळी बदलताना रखवालदार सील मोजतो, त्यामुळे चोरी झालीच तर कुठल्या पाळीत ते कळतं. सफाई कामगारांना तळघरात पत्र्याची दोन कपाटं मिळाली आणि शाफ्ट आपोआप रिकामे झाले. एप्रिलमध्ये, अग्निशमन सेवा सप्ताहात, सराव घेतला. मुंबई गोदीत १४ एप्रिल १९४४ ला ‘फोर्ट स्टायकिन’ जहाजावर झालेल्या स्फोटांत मुंबई अग्निशमन दलाचे ६६ जण गेले, त्यांच्या स्मरणार्थ हा सप्ताह १४ ते २० एप्रिलला पाळतात. सरावाची वेळ आधी ई-मेलने कळवलेली, त्यामुळे निम्मे लोक कॉफीचे कप घेऊन उतरले. आठव्या मजल्यावर कुबड्या घेऊन चालणारे एक गृहस्थ काम करतात, त्यांना खाली कोणी आणायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. सरावाचा सगळ्यांत मोठा उपयोग तोच झाला. आता त्यांच्या मजल्यावरच्या दोघांची नावं त्या कामासाठी फलकावर लिहिलेली आहेत.

तिसरा रकाना अजून तसाच आहे. चौथ्या मजल्यावरचा चुंबक ‘पुढच्या आर्थिक वर्षात’ गेला. दाराला आता सिलिंडरऐवजी लाकडाची पाचर आहे.

ऑफिसच्या अशा इमारतींत दिवसाचे आठ-दहा तास काढणाऱ्यांना मॅडमचं सांगणं फार मोठं नाही. एकदा लिफ्ट सोडा आणि आपल्या खुर्चीपासून रस्त्यापर्यंत जिन्याने उतरून पाहा. वाटेत कुलूप लागलं, तर किल्ली कोणाकडे आहे ते विचारा आणि सोसायटीला लेखी कळवा. शेवटचा फॉर्म बी दाखवा म्हणा, आणि त्यात ‘कार्यरत’ लिहिलेला डिझेल पंप आपल्यासमोर सुरू करून मागा. आणि कधी खरोखरच अलार्म वाजला, तर काय झालंय ते पाहायला लिफ्टने वर जाऊ नका. आधी १०१ ला फोन करा.